श्वानाची खाज : घरगुती उत्पादने निवडताना

पाळीव श्वान सतत अंग खाजवू लागला की बहुतेक घरांत प्रथम शाम्पू बदलला जातो. खाज हा मात्र स्वतंत्र आजार नव्हे. पिसवा, गोचिडी, खरजेचे सूक्ष्म माइट, बुरशी, जिवाणू, अन्नातील अथवा हवेतील घटकांची ॲलर्जी अशा अनेक कारणांचे ते एकच लक्षण आहे. एका कारणावर गुणकारी ठरणारे उत्पादन दुसऱ्या कारणात निरुपयोगी आणि प्रसंगी घातकही ठरते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी खाज शरीराच्या कोणत्या भागी आहे, हे पाहणे अगत्याचे असते.

कमरेचा मागील भाग आणि शेपटीचे मूळ येथे खाज असल्यास पिसवांचा संशय प्रथम घ्यावा. त्या भागातील केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती रक्त पचवलेल्या पिसवांची विष्ठा होय. प्रत्यक्ष पिसू दिसली नाही म्हणून ती नाही असे मानणे चुकीचे आहे. ॲलर्जी असलेल्या श्वानाला मोजके दंशही पुरतात. पंजे सतत चाटणे, तोंड, कान, काखा व पोट खाजवणे आणि हा त्रास वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांच्या दरम्यान सुरू होणे, हे बहुधा ॲटोपिक त्वचारोगाचे चित्र असते. कानांच्या कडा व कोपर यांवर खपल्या आणि असह्य कंड असेल तर ती सार्कोप्टिक खरूज असू शकते. ती संपर्काने माणसांच्या अंगावरही पुरळ उठवते. आंबूस वास, तेलकटपणा आणि काळवंडलेली जाड त्वचा ही मॅलासेझिया या यीस्टची खूण आहे. पावसाळ्यात आणि मुंबई-गोव्यासारख्या दमट किनारपट्टीवर केस ओले राहिल्याने हा त्रास बळावतो.

पिसवांच्या बाबतीत सर्वाधिक पैसा वाया जातो. एकूण पिसवांपैकी प्रौढ अवस्थेत श्वानाच्या अंगावर असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच असते. उर्वरित ९५ टक्के अंडी, अळ्या व कोष यांच्या रूपाने अंथरूण, सतरंजी, सोफ्याच्या फटी आणि जमिनीच्या भेगांत असतात. कीटकनाशक शाम्पूने अंगावरच्या पिसवा मरतात, परंतु पाणी निथळताच त्याचा परिणाम बव्हंशी संपतो आणि घरातील कोषांतून नवी पिढी बाहेर येते. त्यामुळे दीर्घकाळ टिकणारे औषध घरातील सर्व श्वान-मांजरांना एकाच वेळी, प्रत्येकासाठी योग्य असे द्यावे, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, फटी झाडून वा व्हॅक्यूमने स्वच्छ कराव्यात आणि हा क्रम किमान तीन महिने चालू ठेवावा. तपकिरी गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. हीच गोचीड एर्लिकिया व बॅबेसिया यांचा संसर्ग पसरवते. तेव्हा गोचीडनाशक हा केवळ खाजेचा उपाय राहत नाही.

मानेवर टाकावयाचे फिप्रोनिलचे थेंब लावण्यापूर्वी व नंतर सामान्यतः दोन दिवस अंघोळ टाळावी. आयसोक्साझोलिन गटातील अफॉक्सोलेनर महिन्यातून एकदा दिले जाते, तर फ्लुरालेनरच्या प्रचलित गोळीचा प्रभाव सुमारे १२ आठवडे राहतो. अंघोळीने त्यांचा गुण कमी होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातील औषधांमुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा दिला होता. आकडी येणाऱ्या श्वानाच्या बाबतीत पशुवैद्यकाला तसे आधीच सांगावे. परमेथ्रिन असलेली श्वानांची उत्पादने मांजरांना जीवघेणी ठरतात. दोन्ही प्राणी एकाच घरात असल्यास ती आणूच नयेत.

शाम्पूच्या बाटलीवरील सुगंधापेक्षा क्रियाशील घटक व त्याचे प्रमाण वाचावे. श्वानाच्या त्वचेचा सामू माणसाच्या त्वचेपेक्षा अधिक, उदासीनतेच्या जवळचा असतो आणि बाह्यत्वचा पातळ असते. माणसांचा वा लहान बाळांचा शाम्पू त्याला कोरडेपणा आणू शकतो. यीस्टसाठी २ टक्के क्लोरहेक्सिडिन व २ टक्के मायकोनाझोल यांचे मिश्रण उपयुक्त मानले जाते. बेंझॉइल पेरॉक्साइड तेलकट त्वचेसाठी ठीक, कोरड्या त्वचेसाठी नव्हे. केवळ कोरडेपणा असेल तर कोलॉइडल ओटमीलचा शाम्पू व नंतर मॉइश्चरायझर पुरे. औषधी शाम्पूचा फेस घड्याळ लावून १० मिनिटे अंगावर ठेवावा, डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि गार वा कोमट पाण्याने पूर्ण धुवावा. दोन मिनिटांत धुतलेला महागडा शाम्पू साध्या साबणाहून फारसा वेगळा राहत नाही.

घरगुती उपायांतील काही सरळ विषारी आहेत. रॉकेल व जळके इंजिन ऑइल खरजेवर चोपडण्याची पद्धत अजून आढळते. त्याने त्वचा भाजते आणि श्वानाने चाटल्यावर ते पोटात व फुप्फुसांत जाते. फिनेल पाण्यात घालून अंघोळ घालणेही तितकेच वाईट. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टी-ट्री तेलाने श्वानाला कंप व अशक्तपणा येतो. गुरांसाठीचे १२.५ टक्के अमिट्राझ अंदाजाने मिसळून लावल्यास गुंगी येते, हृदयाची गती मंदावते आणि रक्तातील साखर वाढते. गुरांचे आयव्हरमेक्टिन स्वतःहून टोचणे कॉलीसारख्या जातींच्या जिवावर बेतू शकते, कारण त्यांच्यातील अनेकांत एका जनुकातील बदलामुळे ते मेंदूत साचते.

माणसांच्या औषधपेटीतील मलमेही जपून दूर ठेवावीत. स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे खाज काही दिवस दाबतात, परंतु नायटा वा माइटचा संसर्ग स्टेरॉइडने पसरतो आणि नायटा घरातील मुलांनाही होतो. झिंक असलेली कॅलामाइन चाटली गेल्यास विषबाधेचा धोका असतो. माशाच्या तेलातील ओमेगा-३ निरुपद्रवी असले तरी गुण येण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. अन्नाच्या ॲलर्जीची खात्री करण्यासाठी किमान आठ आठवडे एकच ठरवलेला आहार लागतो. त्या काळात दिलेला बिस्किटाचा एक तुकडाही निष्कर्ष बिघडवतो.

त्वचेतून पाणी वा पू येणे, केस झपाट्याने गळणे, कानातून दुर्गंधी, ताप, भूक मंदावणे किंवा घरातील माणसांनाही पुरळ उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उत्पादनांवर वेळ घालवू नये. पशुवैद्यकाकडे जाताना आदल्या दिवशी अंघोळ घालू नये, कारण त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे नमुने त्यामुळे बिघडू शकतात. आतापर्यंत वापरलेल्या सर्व बाटल्या व गोळ्यांची वेष्टने मात्र सोबत न्यावीत.