मे महिन्याचा दोष?

कॅनडात जन्मलेल्या माझ्या भाचीला मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. जन्म मे महिन्यातला. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, ती पोटात असताना हिवाळाभर मी घरातच होते. ऊन मिळालं नाही, म्हणून झालं का हे?"

मी पडलो भाषेचा मास्तर. तरी वाचायला बसलो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खाते. १८६८ साली पॅरिसमध्ये डॉ. शार्को यांनी त्याचं रीतसर वर्णन केलं. १९६० मध्ये अ‍ॅचेसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. जिथे ऊन कमी, तिथे आजार जास्त! २००५ मध्ये कॅनडा, ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ४२,०४५ रुग्णांत मे महिन्यात जन्मलेले अपेक्षेपेक्षा ९.१ टक्के जास्त, तर नोव्हेंबरमधले ८.५ टक्के कमी निघाले. आईला हिवाळ्यात ऊन आणि ड जीवनसत्त्व कमी मिळतं, हा त्यामागचा एक तर्क.

पण २०१३ मध्ये त्यावर आक्षेप आला. कुठल्या महिन्यात किती मुलं जन्मतात, हे मुळातच प्रदेशानुसार आणि सालानुसार बदलतं. तो हिशेब नीट धरला नाही, तर महिन्याचा भास होतो. २०२२ मध्ये तर एपस्टाईन-बार विषाणूचा सबळ पुरावा पुढे आला.

बहिणीला मी एवढंच सांगितलं, "अगं, आकडा खरा धरला तरी शंभराच्या जागी एकशे नऊ. मे महिन्यातल्या बहुतेक मुलांना हा आजार कधीच होत नाही. तुझा दोष नाही."

ती बराच वेळ गप्प होती. आणखी कुणा आईला हा प्रश्न छळत असेल, म्हणून इथे लिहून ठेवतो.