अवधाण आणि गाठीचा ताप

पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. जुन्या पिढीची मंडळी तिला ‘अवधाण’ म्हणत आणि जखम भरली की ते जिरेल, असा धीर देत. ऊतींत झिरपलेला लसीका नावाचा रस बारीक वाहिन्यांनी गोळा होतो आणि रक्तात परतण्यापूर्वी जांघ, काख, मान अशा ठिकाणच्या ग्रंथींतून गाळला जातो. तेथील भक्षकपेशी जंतूंना गिळतात. लसीकापेशी त्यांना ओळखून आपली संख्या वाढवतात. ग्रंथी फुगते ती या झुंजीमुळे.

कोपनहेगनच्या टॉमस बार्थोलिनने १६५३ मध्ये या वाहिन्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण लसीकापेशींचे कार्य उलगडण्यास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला. आपल्याकडे प्लेग आला तो या दोहोंच्या दरम्यान, म्हणजे गाठ डोळ्यांना दिसत होती, पण तिचा अर्थ कळत नव्हता, अशा काळात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. त्याआधी दोनच वर्षे हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येरसँ याला अशाच गाठीत प्लेगचा जंतू सापडला होता. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येई. हा जंतू मोठा कावेबाज. गिळणाऱ्या पेशीच्याच पोटात तो तग धरतो, वाढतो, आणि ग्रंथीचा बांध फुटला की रक्तात शिरतो.

१८९७ च्या साथरोग कायद्यानंतर झडत्या सुरू झाल्या. रेल्वेस्थानकांवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपल्या जात. स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. गाठ लागली की माणूस इस्पितळात आणि घरचे विलगीकरण छावणीत. काट्याचे अवधाण आणि प्लेगची गाठ बोटांनी कशी निवडावी? लोक रोगी लपवू लागले. पुण्यात संतापाचा भडका उडाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देहाच्या राखणदारालाच पुरावा मानून माणसाला घराबाहेर काढणारा तो कारभार, हेतू रोगनिवारणाचा असला तरी, मला आजही क्रूर वाटतो.

त्याच वर्षी १० जानेवारीस वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मेलेले जंतू ओळखून लसीकाग्रंथी आधीच सज्ज राहाव्यात, हे त्या लसीचे इंगित आज आपण सांगू शकतो. ती टोचली की ताप येई, दंड सुजून ठणके. त्या ठणक्याच्या धास्तीनेच कित्येकांनी लस नाकारली.