हिपॅटायटिस सी: मार्कर सापडला, पुढे काय?

पीएचडीच्या मुलाखतीत ‘बायोमार्कर’ हा शब्द तोंडातून निघाला की समोरून एक प्रश्न येऊ शकतो, तो आधीच तयार ठेवा: मार्कर सापडला, तर डॉक्टर नेमकं काय वेगळं करणार? या प्रश्नासाठी हिपॅटायटिस सीइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

हा विषाणू ओळखला गेला १९८९मध्ये, कायरॉन कंपनीतल्या मायकेल हॉटन यांच्या गटाकडून. गंमत म्हणजे उपचाराचा प्रयोग त्याआधीच झाला होता. १९८६मध्ये अमेरिकेच्या एनआयएचमध्ये जे हूफनेगल आणि सहकाऱ्यांनी ‘नॉन-ए, नॉन-बी’ हिपॅटायटिसच्या दहा रुग्णांना इंटरफेरॉन देऊन पाहिलं. शत्रूचं नाव ठाऊक नाही, पण औषध चालू! पुढे रिबाविरिन जोडलं गेलं, २००१च्या सुमारास पेगिलेटेड इंटरफेरॉन आलं. तरीही जीनोटाइप १चे निम्म्याहून कमी रुग्णच बरे व्हायचे.

आणि त्यासाठी किंमत काय? ४८ आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, ताप, अंगदुखी, रिबाविरिनमुळे रक्तक्षय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नैराश्य. काहींच्या मनात आत्महत्येचे विचार यायचे. म्हणजे अर्ध्याहून जास्त लोक हे वर्षभर सोसून रिकाम्या हाताने परत जाणार. ते कोण, हे आधी कळलं तर?

खरा उपयोग झाला तो एका साध्यासुध्या चाचणीचा. बाराव्या आठवड्यात रक्तातला विषाणूचा आरएनए किमान शंभर पटीने उतरला नसेल, तर पूर्ण कोर्स करूनही जवळजवळ कुणी बरं होत नाही. २००२च्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांपैकी ९७ टक्के बरे झाले नाहीत. मग औषध थांबवा, रुग्णाचे उरलेले ३६ आठवडे वाचवा. निर्णय सरळ होता.

पण संशोधकांना उपचाराआधीच उत्तर हवं होतं. त्यातून आयपी-१० हा केमोकाइन पुढे आला. इथे जरा थांबून विचार करा. आयपी-१० इंटरफेरॉनमुळेच तयार होतो. मग तो जास्त असेल तर रुग्णाला फायदा व्हायला हवा ना? झालं उलटंच. सुरुवातीलाच पातळी ६०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असलेल्यांना औषध कमी लागू पडायचं. यकृतातली इंटरफेरॉनची यंत्रणा आधीच पेटलेली, तरी विषाणू हटलेला नाही. त्यात बाहेरून आणखी इंटरफेरॉन ओतून काय होणार? २०११मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने आणखी एक दुवा दाखवला. डीपीपी-४ हे एन्झाइम आयपी-१०चं टोक कापतं, आणि हा कापलेला रेणू रिसेप्टरवर नुसता जागा अडवून बसतो. साधी एलायझा हे दोन रूपांतले रेणू वेगळे मोजत नाही. एलायझा करणाऱ्यांनी हे वाक्य अधोरेखित करावं!

२००९मध्ये धमाका झाला. ड्यूक विद्यापीठातल्या गटाने जीनोमभर शोध घेऊन १९व्या गुणसूत्रावर, आयएल-२८-बी जनुकाजवळ, एका अक्षराचा फरक शोधला. ‘सीसी’ असलेल्यांत बरं होण्याचं प्रमाण ‘टीटी’वाल्यांच्या सुमारे दुप्पट. त्याच वर्षी जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनाही तोच पत्ता सापडला. तीन खंडांत एकच उत्तर, असं जनुकशास्त्रात फार क्वचित होतं.

आता मुलाखतीतला प्रश्न पुन्हा विचारा. ‘टीटी’ असलेल्या चौघांपैकी साधारण एक जण तरीही बरा व्हायचा. दुसरं औषध हाताशी नसताना कुठला डॉक्टर त्याला नाही म्हणेल? माझ्या मते नावाजलेल्या जनुकापेक्षा त्या बाराव्या आठवड्याच्या चाचणीने जास्त निर्णय बदलले. पी-व्हॅल्यू कितीही लहान असली, तरी ती निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूची जागा घेत नाही.

२०१३मध्ये दोन गोष्टी घडल्या. वर्षअखेरीस अमेरिकेत सोफोसबुविरला मंजुरी मिळाली. अशा औषधांच्या जोड्या पुढे १२ आठवड्यांच्या गोळ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना बरं करू लागल्या, आणि ‘सीसी की टीटी’ विचारण्याची गरजच जवळपास उरली नाही. त्याच वर्षी ल्युडमिला प्रोकुनिना-ओल्सन यांच्या गटाने दाखवलं की त्या अक्षराशेजारी आयएफएनएल-४ हे नवं जनुक लपलंय. ज्यांच्यात ते चालतं, म्हणजे जे एक इंटरफेरॉन जास्त बनवू शकतात, तेच विषाणू हटवण्यात मागे पडतात. औषधाशिवाय, आपोआप बरं होण्यातही हाच फरक दिसतो. असं का, यावर अजून काम चालू आहे.