'पर्यंक' शब्दाची वाटचाल

घरातला पलंग आणि देवाची पालखी या दोन्ही शब्दांचे मूळ एकच, संस्कृत 'पर्यंक'. 'पर्यंक' आणि 'पल्यंक' ही दोन्ही रूपे पाणिनीला मान्य होती. परंतु हाच शब्द आसनाचे नाव होऊन येतो, तेव्हा त्याचा अर्थ लावताना पुष्कळांची फसगत होते. म्हणून त्याची थोडी चौकशी करावी, असे आम्हांस वाटते.

सफाळ्याहून वैतरणा ओलांडून दक्षिणेस गेले की सोपारे लागते. हा सारा मुलूख एके काळी उत्तर कोकणच्या शिलाहारांचा. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपालाच्या सैन्याने शिलाहार राजा मल्लिकार्जुनाचा पराभव केला. त्या युद्धाचे वर्णन कुमारपालाचे गुरू, जैन आचार्य हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत काव्यात केले आहे. आणि त्याच राजासाठी त्यांनी 'योगशास्त्र' रचले.

या ग्रंथातला पर्यंक बसण्याचा आहे. दोन्ही नडग्यांचा खालचा भाग पावलांवर यावा आणि नाभीपाशी हात उताणे, एकावर एक ठेवावेत. महावीरांचे निर्वाण याच आसनात झाले, असे हेमचंद्र सांगतात. 'कल्पसूत्रा'तही निर्वाणसमयीची हीच बैठक नोंदलेली आहे. मात्र हेमचंद्रांनी पुढे एक प्रामाणिक पुस्ती जोडली आहे: पातंजल मताचे लोक गुडघ्यांकडे हात पसरून निजण्याला पर्यंक म्हणतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्याची टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांचा अर्थ हाच आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या 'लाइट ऑन योगा' (1966) या ग्रंथातले पर्यंकासन तिसरेच. वीरासनातून मागे जाऊन, पाठीची कमान करून, टाळू जमिनीला टेकवायची. पलंगाचा आकार येथे शरीरानेच घेतला!

तेव्हा खरा पर्यंक कोणता, हा प्रश्नच फोल होय. बैठक, शयन आणि कमान, तिन्ही आपापल्या परंपरेत खरी. चूक होते ती एकाचे चित्र दुसऱ्याच्या ग्रंथात पाहिल्याने. आसनाचे नाव जुने म्हणून आसनही तितकेच जुने, हा दावा आज जागोजागी ऐकू येतो. तो करणाऱ्याने, आणि तो ऐकणाऱ्या आपणही, आठशे वर्षांपूर्वीच्या त्या आचार्यांचा धडा गिरवावा. आपला अर्थ सांगताना दुसऱ्याचाही अर्थ त्यांनी शेजारी लिहून ठेवला.