तळटीप : लघवीतील खुणा
* लेखकाने इथे ‘लघवीची तपासणी’ एवढेच म्हटले आहे; तीत काय पाहतात ते असे. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे एक जनुक नेमके याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे हे विकर सुमारे दीडपट तयार होते. ते सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. पण पेरॉक्साइडचा निचरा करणारी विकरे त्या प्रमाणात वाढत नाहीत. मोरी तेवढीच ठेवून नळ मोठा करावा, तसे. साचलेल्या पेरॉक्साइडच्या या ताणाने डीएनएला इजा झाली की ८-हायड्रॉक्सी-डीऑक्सिग्वानोसिन, आणि मेदाला झाली की आयसोप्रोस्टेन लघवीत उतरतात. सुई टोचावी लागत नाही, ही लहान मुलांच्या बाबतीत मोठीच सोय. मात्र लघवी पातळ की दाट यावर आकडा हलतो, म्हणून तो क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात; आणि क्रिएटिनिन स्नायूंच्या वस्तुमानावर अवलंबून असल्याने शरीराची ठेवण वेगळी असलेल्या मुलांची तुलना जपूनच करावी. पालकांनी अशा आकड्यावरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू नयेत : २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या, १५६ बाळांवरील चाचणीत अँटिऑक्सिडंट व फोलिनिक ॲसिड देऊनही बाळांच्या विकासात फरक दिसला नाही. — संपा.