मापनपद्धतीचे स्थलांतर : किरणोत्सर्गी कार्बन आणि भाषेचे कालमापन

एखाद्या ज्ञानशाखेत एखादी मापनपद्धती यशस्वी ठरली म्हणजे शेजारच्या ज्ञानशाखांतील अभ्यासकांना तिचा मोह पडतो. हा मोह निंद्य आहे असे मुळीच नाही. संशोधनाच्या इतिहासातील अनेक महत्त्वाच्या प्रगती अशा उसनवारीतूनच झालेल्या आहेत. परंतु पद्धती स्थलांतर करते तेव्हा तिचे सूत्र सहज बरोबर येते. ते सूत्र मूळ क्षेत्रात ज्या कारणांमुळे खरे ठरले ती कारणे मात्र पुष्कळदा मागेच राहतात. नव्या क्षेत्रात ती पुन्हा सिद्ध करावी लागतात. या विधानाचे एक बोलके उदाहरण म्हणून पुरातत्त्वातील कार्बन-कालमापन आणि त्याच्या धर्तीवर भाषाविज्ञानात निर्माण झालेले भाषा-कालमापन यांच्या इतिहासाचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

शिकागो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये ज्ञात वयाच्या नमुन्यांवरील आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यामागील तत्त्व थोडक्यात असे : वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन सतत निर्माण होतो, वनस्पती तो शोषून घेतात व अन्नावाटे तो प्राण्यांच्या शरीरात जातो. जीव मरण पावला की ही आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ ठरावीक गतीने घटू लागतो. तो निम्मा होण्यास ५५६८ वर्षे लागतात असे लिबी यांनी धरले होते. म्हणून शिल्लक प्रमाण मोजले असता मृत्यूचा काळ काढता येतो. लिबी यांनी केवळ सिद्धान्त मांडला नाही. ज्यांचा काळ इतिहासावरून माहीत होता अशा इजिप्तमधील प्राचीन थडग्यांतील लाकडांवर तो पडताळूनही पाहिला. या कार्यासाठी १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या यशाचा परिणाम भाषाविज्ञानावर होण्यास फार विलंब लागला नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांचे अभ्यासक मॉरिस स्वाडेश यांनी १९५० मध्ये सेलिश भाषाकुलावरील लेखात आणि नंतर १९५२ मधील विस्तृत निबंधात शब्दांच्या संख्येवरून भाषांच्या विभक्तीचा काळ काढण्याची पद्धती मांडली. किरणोत्सर्गी कार्बनशी असलेले साम्य त्यांनी स्वतःच त्या निबंधात दाखविले होते. ज्या भाषांना लेखनाची परंपरा नाही त्यांच्या इतिहासाला कालक्रम कसा द्यावा, हा स्वाडेश यांच्यासमोरील प्रश्न खरा आणि निकडीचा होता. आपल्याकडील कोरकू किंवा कोलामी यांसारख्या भाषांचा अभ्यास करणाऱ्यालाही तोच प्रश्न पडतो.

स्वाडेश यांचे गृहीतक असे होते की, प्रत्येक भाषेत शरीराचे अवयव, निसर्गातील घटक, मूलभूत क्रिया, सर्वनामे इत्यादींचा वाचक असा एक गाभ्याचा शब्दसंग्रह असतो. तो संस्कृतीच्या बदलांपासून बराच सुरक्षित असतो आणि त्यातील शब्द सर्व भाषांत सर्व काळी साधारण एकाच गतीने बदलतात. प्रथम सुमारे २०० शब्दांची यादी वापरण्यात आली. १९५५ मध्ये स्वाडेश यांनी ती १०० शब्दांवर आणली. या छोट्या यादीतील ८६ टक्के शब्द दर हजार वर्षांनी टिकून राहतात असे मानले गेले. एका पूर्वजापासून निघालेल्या दोन भाषा स्वतंत्रपणे बदलत असल्यामुळे हजार वर्षांनंतर त्यांच्यात ८६ टक्क्यांचे ८६ टक्के, म्हणजे सुमारे ७४ टक्के शब्द समाईक उरतील. दोन हजार वर्षांनंतर हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास येईल. अर्धायुष्याच्या गणिताचेच हे भाषिक रूप होय.

लिबी यांच्याप्रमाणे येथेही पडताळणी झाली नाही असे म्हणता येणार नाही. रॉबर्ट लीझ यांनी १९५३ मध्ये लिखित इतिहास असलेल्या १३ भाषांची तपासणी केली आणि मोठ्या यादीसाठी हजार वर्षांतील टिकाव सरासरी सुमारे ८०.५ टक्के काढला. तथापि या १३ भाषांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. त्यांपैकी ११ इंडो-युरोपीय कुलातील आहेत आणि त्यांतही ६ एकट्या लॅटिनच्या कन्या आहेत. कॉप्टिक आणि चिनी या दोनच भाषा त्या कुलाबाहेरच्या. एकाच घरातील सहा बहिणींची साक्ष ही सहा स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष नव्हे. शिवाय सरासरी काढता येते एवढ्यावरून गती स्थिर आहे असे ठरत नाही. कोणत्याही संख्यांची सरासरी काढता येतेच.

या पद्धतीवर निर्णायक आघात केला तो नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ क्नुट बेर्गस्लांड आणि हान्स फोग्ट यांच्या १९६२ च्या लेखाने. प्राचीन नॉर्स भाषेपासून निघालेल्या दोन भाषांची त्यांनी तुलना केली. आइसलँडच्या भाषेत हजार वर्षांत मूलभूत शब्दांपैकी सुमारे ४ टक्केच शब्द बदलले होते, तर नॉर्वेच्या रिक्समोल या साहित्यिक भाषेत हेच प्रमाण सुमारे २० टक्के होते. या आकड्यांचा अर्थ सूत्रात घालून पाहिला म्हणजे स्पष्ट होतो. ८६ टक्क्यांच्या दराने गणित केले तर प्राचीन नॉर्स आणि आइसलँडिक यांच्यातील अंतर सुमारे २७० वर्षे भरते. रिक्समोलच्या बाबतीत तेच सुमारे १४८० वर्षे होते. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्षातील अंतर मात्र एकच, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांचे आहे. ज्या घड्याळात एकच तास एका खोलीत पाव तास आणि दुसऱ्या खोलीत दीड तास भरतो, त्याला घड्याळ म्हणणे कठीण आहे.

गतीचा हा प्रश्न बाजूला ठेवला तरी मोजणीचा प्रश्न उरतोच आणि तो मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. दोन विद्यार्थ्यांना १०० शब्दांची यादी देऊन त्यापुढे मराठी शब्द लिहिण्यास सांगितले असे समजू. कान, नाक, दात, जीभ, हात यांविषयी दोघांत मतभेद होणार नाही. परंतु रंगाच्या शब्दापाशी एक जण ‘तांबडा’ लिहील, तर दुसरा फारसीतून आलेला ‘लाल’ लिहील. मार्गासाठी ‘वाट’ की ‘रस्ता’, भूमीसाठी ‘माती’ की ‘जमीन’, पक्ष्यासाठी ‘पाखरू’ की ‘पक्षी’, अग्नीसाठी ‘आग’ की ‘विस्तव’, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागेल. कोणतेही उत्तर चूक नाही. बोलणाऱ्याचे गाव, शिक्षण आणि प्रसंग यांनुसार ते बदलते. आता ही यादी हिंदीच्या यादीशी ताडून पाहावयाची आहे. ‘लाल’, ‘रस्ता’, ‘जमीन’, ‘पक्षी’ आणि ‘आग’ लिहिणाऱ्याला ‘तांबडा’, ‘वाट’, ‘माती’, ‘पाखरू’ आणि ‘विस्तव’ लिहिणाऱ्यापेक्षा साम्य अधिक दिसेल हे उघड आहे. उसने शब्द वगळावेत असा नियम आहे. पण तो लावताना पुन्हा प्रत्येक शब्दाचा इतिहास आधी माहीत असावा लागतो. या पाच शब्दांच्या निवडीचे वजन केवढे असते? १०० पैकी ७४ शब्द समाईक धरले तर सूत्र १००० वर्षे देते; ७९ धरले तर सुमारे ७८० आणि ६९ धरले तर सुमारे १२३० वर्षे देते. म्हणजे दोन प्रामाणिक विद्यार्थ्यांच्या शब्दनिवडीतील फरकाने मराठीच्या इतिहासातील शतके मागेपुढे होऊ शकतात. उत्तर मात्र दोघांच्याही कागदावर सारख्याच ठामपणे उतरते.

याहूनही मूलगामी असा एक भेद आहे. विघटन पावलेला अणू पुन्हा मूळ स्थितीस येत नाही आणि त्याच्या विघटनाच्या गतीवर तपमान, दाब किंवा शेजारचे अणू यांचा व्यवहारतः परिणाम होत नाही. शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. शब्दाला शेजार असतो, प्रतिष्ठा असते, निषेध असतो. इतकेच नव्हे, तर गेलेला शब्द परतही येतो. ‘चंद्र’ या शब्दाचे प्राकृतातून नियमाने आलेले मराठी रूप ‘चांद’. परंतु प्रमाण मराठीत त्याची जागा संस्कृतातून पुन्हा घेतलेल्या ‘चंद्र’ने व्यापली. ‘सूर्य’ हाही तत्समच होय. ज्या भाषांच्या डोक्यावर शतकानुशतके एक अभिजात भाषा उभी आहे, त्यांत झीज आणि भरपाई ही दोन्ही एकाच वेळी चालू असतात. एकमार्गी विघटनाचे सूत्र अशा प्रक्रियेला जसेच्या तसे लावणे म्हणजे भरतीओहोटीचे पाणी उताराच्या नियमाने मोजण्यासारखे आहे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. भौतिक पद्धती निर्दोष आणि मानव्यविद्येतील पद्धती सदोष, असा निष्कर्ष यातून निघत नाही. कार्बन-कालमापनातही स्थिरतेचे एक गृहीतक चुकीचे ठरले. विघटनाची गती स्थिर असली तरी वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते. हेसल दे व्रीस यांनी १९५८ मध्ये हे चढउतार दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियातील दीर्घायुषी ब्रिसलकोन पाइन वृक्षांच्या वर्षवलयांशी तुलना करून हान्स स्यूस यांनी १९६७ मध्ये दुरुस्तीचा आलेख प्रसिद्ध केला. अर्धायुष्याचा आकडाही दरम्यान ५५६८ वरून ५७३० असा सुधारला गेला होता. वलयांच्या आधारे केलेल्या दुरुस्तीमुळे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या सहस्रकांतील अनेक कालनिश्चिती काही शतकांनी मागे गेल्या आणि पश्चिम युरोपातील महापाषाणीय थडगी इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. नेवासे, इनामगाव इत्यादी ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या कालक्रमाचा आधारही कार्बन-कालमापनाच होय. त्यामुळे जुन्या अहवालांतील कार्बनचे आकडे वाचताना ते दुरुस्त केलेले आहेत की नाहीत हे पाहणे दख्खनच्या अभ्यासकालाही आवश्यक आहे.

तेव्हा दोन पद्धतींतील खरा फरक चूक होण्यात नसून चूक दुरुस्त करणारा स्वतंत्र साक्षीदार मिळण्यात आहे. कार्बनला वृक्षवलये मिळाली. भाषेला असा साक्षीदार म्हणजे तिचा दिनांकित लेखी पुरावा : शिलालेख, ताम्रपट, शके १२१२ चा उल्लेख असलेल्या ज्ञानेश्वरीसारखे ग्रंथ. पण मग विपर्यास असा घडतो की, जेथे हा साक्षीदार आहे तेथे कालमापनाच्या सूत्राची गरज कमी असते आणि जेथे सूत्राची गरज सर्वांत अधिक असते तेथे साक्षीदारच नसतो.

अलीकडच्या काळात ही अडचण ओळखून अधिक सावध पद्धती निर्माण झाल्या आहेत. त्या बदलाची गती शाखेशाखेत भिन्न असू देतात आणि ज्ञात काळांचा आधार घेऊन उत्तर एका आकड्यात न देता संभाव्य मर्यादेत देतात. रसेल ग्रे आणि क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी २००३ मध्ये ८७ इंडो-युरोपीय भाषांवरून त्या कुलाच्या विभक्तीचा काळ आजपासून ७८०० ते ९८०० वर्षे मागे नेला. परंतु २०१५ मध्ये विल चँग आणि सहकाऱ्यांनी लॅटिन, वैदिक संस्कृत आदी प्राचीन भाषा या आजच्या भाषांच्या प्रत्यक्ष पूर्वज आहेत अशी अट गणितात घातली, तेव्हा तो काळ सुमारे ६५०० वर्षांवर आला. दोन्ही गटांची गणितयंत्रणा एकाच जातीची होती. फरक पडला तो भाषेच्या इतिहासाविषयीच्या एका गृहीतकाने. गणित कितीही सूक्ष्म झाले तरी भाषाशास्त्रज्ञाचा निर्णय त्यातून हद्दपार होत नाही, हेच यावरून दिसते.

यास्तव दुसऱ्या क्षेत्रातील मापनपद्धती स्वीकारणाऱ्या संशोधकाने आपल्या प्रबंधात सूत्रापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत : मूळ क्षेत्रात हे सूत्र कोणत्या कारणाने खरे ठरले, ते कारण आपल्या सामग्रीत आहे हे कशावरून, आणि आपले उत्तर चुकले असेल तर ते आपणास कोण सांगेल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आकडा देऊ नये असे नाही. मात्र तो आकडा म्हणजे मोजमाप नसून अनुमान आहे, हे त्याच पानावर नोंदविणे हे संशोधकाचे कर्तव्य होय. ज्या भाषांजवळ स्वतःच्या बाजूने बोलणारा एकही लेख नाही, त्यांच्या बाबतीत हे कर्तव्य अधिकच कठोरपणे पाळले पाहिजे. कारण त्यांच्या इतिहासाविषयी आपण जो आकडा लिहू तो खोडून काढणारे दुसरे काहीही त्यांच्यापाशी नाही.