महत्त्वाचं, पण कोणाला? मुळशी ते सेबीचा तक्ता

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली एक चौकोनी आलेख हमखास दिसतो. त्यावर ठिपके: पाणी, कार्बन, कामगारांची सुरक्षा, डेटाची गोपनीयता. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या प्रकाराला ‘मटेरियालिटी’ म्हणतात. ठिपका कुठे ठेवायचा हे कोण ठरवतं, ही जुनी भानगड आहे.

शब्द मुळात हिशेबनीस आणि वकिलांचा. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टीएससी विरुद्ध नॉर्थवे खटल्यात ठरवलं की, समजूतदार भागधारकाला मत देताना जी माहिती महत्त्वाची वाटण्याची दाट शक्यता आहे ती ‘मटेरियल’. म्हणजे मोजमाप भागधारकाचं. नदीकाठच्या माणसाचा संबंधच नाही.

मग १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. त्याच वर्षी सेरेस नावाच्या गटाने कंपन्यांसाठी ‘वाल्डेझ तत्त्वं’ मांडली. १९९७ मध्ये याच गटाच्या पुढाकारातून जीआरआय ही संस्था निघाली. तिचा प्रश्न उलटा होता: कंपनीचा जगावर काय परिणाम होतो? युरोपने २०१९ मध्ये दोन्ही प्रश्न जोडले, ‘दुहेरी मटेरियालिटी’ असं नाव दिलं आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा केला. २०२५ मध्ये तोच कायदा सैल करायची घाई सुरू झाली, हेही सांगायला हवं.

आता जरा घरचं बघू. १९२१, मुळशी. टाटांच्या वीज कंपनीला धरण बांधायचं होतं. कंपनीच्या बाजूने बघा: सह्याद्रीचा पाऊस, कोकणात उतरणारा कडा, खाली वीजघर आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज. कोळशाचा धूर नाही. आजच्या भाषेत अगदी ‘ग्रीन’ प्रकल्प! तेव्हा असा आलेख काढला असता तर ‘स्वच्छ ऊर्जा’ नक्की वरच्या कोपऱ्यात गेली असती. पण मावळातल्या शेतकऱ्याची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. त्याच्यासाठी तोच एक ठिपका होता, बाकी कागद कोरा. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला जातं. ते पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात सोडावं अशी मागणी अधूनमधून होत असते.

म्हणून सेबीचा नमुना मला नीट वाचावासा वाटतो. २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांपासून सुरुवात झाली. २०२१ मध्ये बीआरएसआर आला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा झाला. चांगलं पाऊल, यात शंका नाही. पण त्यात मुद्दे विचारलेत ते असे, की ‘तुमच्या व्यवसायाला’ जोखीम किंवा संधी ठरणारे पर्यावरणीय आणि सामाजिक मुद्दे कोणते? पुढचा रकाना आर्थिक परिणामाचा. म्हणजे १९७६ चा भागधारक पुन्हा मधोमध येऊन बसला. गावाची विहीर आटली तर ती या तक्त्यात कधी येणार? गावाने मोर्चा काढला, कोर्टात गेलं, उत्पादन थांबलं, की मग.

खालच्या लोकांच्या मताला फॉर्ममध्ये जागाच नाही असं नाही. तत्त्व क्र. ४ खाली कंपनीने हितसंबंधी गट कोणते, त्यांच्याशी कसा आणि किती वेळा संवाद साधला हे लिहायचं असतं. एक रकाना तर सरळ विचारतो, हा गट दुर्बल किंवा वंचित आहे का? होय/नाही.

हे अहवाल शेअर बाजाराच्या साइटवर फुकट मिळतात. तुमच्या तालुक्यात ज्या कंपनीचा कारखाना आहे तिचा काढा. ठिपक्यांचा आलेख सोडा, आधी तो रकाना बघा, आणि तुमचं गाव ‘होय’मध्ये आहे, ‘नाही’मध्ये आहे, की यादीतच नाही, ते खाली कळवा.